डार्करूमबद्दल नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरात छोटी डार्करूम आहे हे कळलं की लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांत बरेचसे पन्नाशीपुढचे असतात. त्यांना मेन रोडवर नाही तर रविवार कारंजाजवळ स्टुडिओत जाऊन, केस विंचरून काढलेला फोटो आठवत असतो. बाकीची कॉलेज रोडची पोरं असतात, मामाचा बंद पडलेला याशिका कॅमेरा कपाटातून काढून आणलेली. काही प्रश्नांवर मी गरजेपेक्षा जास्त बोलतो. काहींना एका ओळीत वाटेला लावतो.

डार्करूममध्ये नेमकं व्हायचं काय?

दोन वेगळी कामं व्हायची. लोक दोन्हींना मिळून ‘फोटो धुणं’ म्हणतात, तिथेच घोळ होतो.

पहिलं काम रोलचं. फिल्मवर जिलेटिनमध्ये बसवलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. शटर उघडलं की उजेड पडलेल्या कणांमध्ये बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरमध्ये तेच कण काळ्या चांदीत बदलतात. उरलेले कण हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून काढतो. म्हणून हायपोत पुरेसा वेळ गेल्यावर निगेटिव्ह उजेडात आणता येते, त्याआधी आणली तर सगळं काळं. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये शोधला, फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी. तेव्हा त्याचं करायचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरं काम प्रिंटचं. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे चित्र मोठं करून खाली पाडणाऱ्या यंत्रात, ठेवायची, खालच्या ब्रोमाइड कागदावर काही सेकंद उजेड सोडायचा आणि तो कागद डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं), हायपो अशा तीन ट्रेमधून काढून पाण्यात टाकायचा. निगेटिव्हमध्ये काळं ते कागदावर पांढरं, पांढरं ते काळं.

मग सिनेमात दिसतो तो लाल दिवा?

तो फक्त प्रिंटच्या वेळी. ब्रोमाइड कागदाला लाल उजेड कळत नाही. फिल्मला सगळे रंग कळतात, त्यामुळे रोल टाकीत भरताना लाल दिवासुद्धा चालत नाही. तेव्हा डोळे मिटले काय आणि उघडले काय, सारखंच. सिनेमातला हीरो लाल दिव्यात रोल हातात धरून बघतो, तो रोल एव्हाना बाद झालेला असतो.

तो वास कशाचा?

स्टॉप बाथमधल्या ॲसेटिक ॲसिडचा आणि हायपोतून सुटणाऱ्या गंधकी वायूचा. बारक्या, पंखा नसलेल्या खोलीत मे महिन्यात तो वास सहा-सात तास घेणाऱ्या माणसाला त्याची हुरहूर वाटत नसे, एवढं लक्षात ठेवा.

कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना दिसतो, हे खरं?

खरं. दहा-पंधरा सेकंदांत आधी केस आणि डोळ्यांच्या बाहुल्या येतात, मग कपड्यांच्या सुरकुत्या, सगळ्यात शेवटी गालावरचा फिकट करडा रंग. पाहुणे एवढंच बघतात आणि खूश होऊन जातात. त्या क्षणी करणाऱ्याचं कसब मात्र काहीच लागत नसतं. कसब लागतं ते त्याआधी, एन्लार्जरखाली. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

फोटो स्टुडिओचे मालक काढायचे. प्रिंट कोण काढायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

बहुतेक स्टुडिओत समोर गल्ल्यावर मालक असे आणि पडद्यामागे एक माणूस असे, ज्याचं नाव गिऱ्हाइकाला कधीच कळत नसे. फोटोच्या मागे शिक्का स्टुडिओचा. पण तुमच्या आजीच्या साडीचे काठ दिसतात आणि चेहरा उन्हाने पांढराफटक पडलेला नाही, याचं निम्मं श्रेय त्या आतल्या माणसाचं असतं.

तो काय करायचा ते सांगतो. आधी कागदाची एक पट्टी घेऊन तिच्यावर तीन-चार वेगवेगळ्या वेळांचा उजेड द्यायचा आणि धुऊन बघायची. निगेटिव्ह मिळमिळीत असेल तर हार्ड, म्हणजे काळं-पांढरं ठळक करणारा कागद, फार कडक असेल तर सॉफ्ट. मग खरा फोटो. नवरदेवाचा पांढरा सदरा आणि नवरीचा गडद शालू एकाच निगेटिव्हवर. सदऱ्याची घडी दिसायला जास्त उजेड लागतो, आणि तेवढा दिला तर शालूचा नुसता काळा गोळा होतो. मग तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती शालूवर धरून हलवत राहायची, म्हणजे तिथे उजेड कमी पडतो. नंतर दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या फटीतून फक्त सदऱ्यावर आणखी चार सेकंद. हात थांबला की कागदावर चकतीची कड उमटलीच. याला डॉजिंग आणि बर्निंग म्हणतात. आजच्या ॲपमधल्या बटणांना हीच नावं आहेत आणि खूण म्हणून तीच चकती नि तोच हात आहे.

असे कित्येक प्रिंट रोज. घड्याळाकडे न बघता, तोंडाने सेकंद मोजत.

म्हणून ‘फिल्मचा लूक’ हवा म्हणून फोनवर दाणेदार फिल्टर लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. जुन्या फोटोत आपल्याला जे आवडतं ते दाण्यांमुळे नसतं. चांगला प्रिंटर दाणे दिसू नयेत म्हणूनच धडपडत असे. आपल्याला आवडतो तो एका शिकलेल्या हाताचा निर्णय: कुठे उजेड, कुठे अंधार. तो हात गेला. पण ज्या निगेटिव्हवर तो चालला, त्या अजून नाशिकच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि त्यांवर पुन्हा हात चालवता येतो. हळहळ वाटत असेल तर ती तिकडे वळवा.

जुन्या स्टुडिओ फोटोंत सगळेच देखणे कसे दिसतात?

रिटचिंगमुळे. चेहऱ्यावरचा डाग प्रिंटमध्ये काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हमध्ये तो पारदर्शक ठिपका असतो. त्या ठिपक्यावर सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने बारीक बारीक रेघा मारून तो भरून टाकायचा. सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मुलीला पाहायला येणार असतील तर देवीचे व्रणसुद्धा असेच जायचे. टोपीवरची सावली गडद करायची असेल तर उलट, ब्लेडच्या टोकाने निगेटिव्हचा थर हलकेच खरवडायचा. आणि प्रिंटवर धुळीचा पांढरा ठिपका आलाच तर काळ्या रंगाच्या ब्रशने एक टिंब.

चकाकी वेगळी. ओला प्रिंट क्रोमच्या पत्र्यावर किंवा स्वच्छ काचेवर पालथा घालून रूळ फिरवायचे. वाळला की आपोआप टचकन सुटायचा. नंतर कंगोऱ्यांच्या कटरने कडा कापल्या की झालं.

नाशिकचा या सगळ्याशी काही खास संबंध आहे का?

फाळके. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्म, नाशिकला १६ फेब्रुवारी १९४४ रोजी मृत्यू. सिनेमावाले होण्याआधी धुंडिराज गोविंद फाळके फोटोवाले होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात फोटो काढण्याचा धंदा केला, पुढे छपाईचा कारखाना काढला. म्हणजे उजेड, रसायन आणि कागद या तिन्हींशी त्यांची आधीच ओळख होती.

सांगायचं आहे ते मात्र त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल. तेव्हा कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं यंत्राने, अंधारात, एक एक करून पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करायच्या. रसायनं कालवणं, फिल्म डेव्हलप करणं हेही त्या शिकल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत झळकला आणि त्यानंतर फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. पुढचे सिनेमे त्यांनी इथे केले. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे सहलीला जाणाऱ्या शाळांनी मुलांना हा अंधारातला भाग सांगावा असं मला फार वाटतं. भारतीय सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या डार्करूममध्ये एक मराठी गृहिणी उभी होती, आणि तीही घरची कामं उरकून.

रोल आणि कागद तेव्हा कुठून यायचे?

कोडॅक, आग्फा आणि इल्फर्ड ही बाहेरची नावं. देशी नाव ‘इंदू’. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये निघाली, तिचा हा छाप. आयातीवर निर्बंध असण्याच्या काळात कित्येक स्टुडिओ इंदूच्या ब्रोमाइडवर चालले. जुने प्रिंटर त्याला नावं ठेवतात आणि मग लगेच म्हणतात, ‘पण तोही आता कुठे मिळतो?’ कंपनी बंद पडली.

घरगुती कॅमेऱ्यांत आग्फा क्लिक थ्री सगळ्यांत जास्त. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. घरात हा कॅमेरा असेल तर टाकू नका. त्याचा १२० रोल आजही मिळतो.

छत्तीस फोटोंत अख्खं लग्न कसं बसायचं?

बसवायचे. हळद दोन, सीमांतपूजन दोन, अंतरपाट दोन, मंगलाष्टकांच्या अक्षता एक, सप्तपदी तीन, मग घरच्यांचे ग्रुप, त्यात कुणाला आधी उभं करायचं यावरून रुसवा. फोटोग्राफर हुशार असेल तर ज्यांच्याकडून पैसे येणार नाहीत त्यांच्यासमोर नुसता फ्लॅश उडवायचा. रोल पुढे सरकत नसे, पाहुणे मात्र खूश. अल्बम आल्यावर ‘आमचा फोटो कुठाय?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘तो खराब आला हो.’

रंगीत फोटो आल्यावर डार्करूमचं काय झालं?

गेली. रंगीत रोलची प्रक्रिया ३८ अंशांवर चालते आणि अर्ध्या अंशाचा फरकही सोसत नाही. लाल दिवा चालत नाही. हे हाताने रोज करणं स्टुडिओला परवडणारं नव्हतं, म्हणून रोल लॅबला जाऊ लागले. मग मिनिलॅब आल्या. एका टोकाला रोल घातला की दुसऱ्या टोकाला ४ बाय ६ चे फोटो, तासाभरात. डिजिटलने डार्करूम मारली असं सगळे म्हणतात. माझ्या हिशेबाने ती त्याआधीच मिनिलॅबने मारली होती. डिजिटलने मिनिलॅब मारली.

वृत्तपत्रांत काळ्यापांढऱ्याची डार्करूम जरा जास्त टिकली. १९९१ च्या सिंहस्थात रामकुंडावरून रोल घेऊन ऑफिसात पळायचं, धुवायचा आणि ओला असतानाच एन्लार्जरला लावायचा, ही घाई करणारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना एकदा चहाला बोलवा आणि कान देऊन बसा.

आजी-आजोबांचा फोटो जसाच्या तसा आहे. आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम लाल पडला. असं उलटं कसं?

उलटं नाही. आजोबांचा फोटो चांदीचा आहे, आई-बाबांचा रंगांचा. नीट धुतलेला काळापांढरा प्रिंट शंभर वर्षं सहज राहतो. त्या काळातल्या रंगीत कागदातला निळसर रंग आधी उडायचा, म्हणून उरलेला फोटो लालसर दिसतो. त्यात चिकट पानांचा प्लॅस्टिकचा अल्बम असेल तर आणखी वाईट. फोटो सुटत असतील तर आजच काढा. सुटत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. रंगीत निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण ती बहुधा प्रिंटपेक्षा बऱ्या अवस्थेत असते.

आजोबांच्या एखाद्या फोटोवर पिवळे-तपकिरी डाग असले तर समजा, त्या दिवशी प्रिंट पाण्यात पुरेसा वेळ राहिला नाही. लग्नसराई असणार.

फिल्म चांगली की डिजिटल?

रात्रीच्या मॅचचे फोटो काढायचे असतील तर डिजिटल. पुढचा प्रश्न.

घरी डार्करूम करायची तर काय लागतं?

नुसते रोल धुवायचे असतील तर खोली लागतच नाही. एक चेंजिंग बॅग (उजेड आत न जाणारी पिशवी), एक डेव्हलपिंग टाकी, थर्मामीटर, मोजपात्र, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. बॅगेत हात घालून रोल टाकीतल्या चक्रीवर चढवायचा. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून सराव करा. पहिल्यांदा अंधारात फिल्म अडकली की घाम फुटतो आणि घामट हातांनी ती आणखी अडकते.

प्रिंटसाठी खोली हवी. फ्लॅटमधलं न्हाणीघर चालतं. झडपांच्या खिडकीला काळा कागद, दाराखाली जुनी सतरंजी, वॉशिंग मशीनवर एन्लार्जर, खाली पाटावर तीन ट्रे. आत जाऊन पाच मिनिटं बसा. डोळे सरावल्यावर जिथून उजेड दिसेल तिथे चिकटपट्टी. एन्लार्जर जुन्या स्टुडिओवाल्यांकडे पडलेले असतात. घेताना लेन्स उजेडाकडे धरून बघा, आत बुरशीचं जाळं असेल तर सोडा. चांगला एन्लार्जर आणि भिकार लेन्स हा सौदा करू नका, त्याउलट केलात तरी चालेल.

डेव्हलपर म्हणून डी-७६ ने सुरुवात करा. हा १९२७ पासून चालत आलेला फॉर्म्युला आहे. लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. क्रम याच ओळीतला ठेवा, मेटॉल आधी विरघळवून. फक्त त्यापूर्वी चिमूटभर सल्फाइट टाका, म्हणजे मेटॉल काळवंडत नाही. तयार पुडीही मिळते. वजनकाटा नसेल तर पुडीच घ्या.

स्टॉप बाथला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर चालतं, एका भागाला दोन भाग पाणी.

फिल्म स्वस्तात हवी असेल तर शंभर फुटांचं बंडल घ्या. त्यात छत्तीस फोटोंचे साधारण अठरा रोल भरता येतात. मित्रांत वाटून घ्या.

नाशिकचं हवामान याला चालतं का? उन्हाळ्यात टाकीचं पाणी उकळतं.

डेव्हलपिंगच्या वेळांची सगळी कोष्टकं २० अंशांची असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकला हे काम मजेत होतं. निफाडकरांना तर पाणी थोडं गरम करून घ्यावं लागेल. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी पस्तिशीला टेकतं, तेव्हा नळाखाली काहीच करू नका. माठातलं पाणी वापरा. मोठ्या बादलीत पाणी घेऊन त्यात बर्फाच्या बंद पिशव्या सोडा आणि रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या करा.

२४ अंशांपर्यंत वेळ कमी करून भागतं. २० अंशांना साडेसात मिनिटं असतील तर २४ ला साडेपाचच्या आत-बाहेर. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, डाग पडतात. त्याहून गरम पाण्यात जिलेटिन फुगतं आणि नखाने निघतं. जुने लोक यासाठी हायपोत फिटकरी घालायचे, थर कडक व्हायला. आजच्या फिल्मला सहसा लागत नाही. पण सगळी पाणी सारख्या तापमानाला हवीत हा नियम तेव्हाचाच आहे आणि आजही पाळावाच लागतो. गार डेव्हलपरमधून गरम धुण्यात फिल्म टाकली की थराला भेगा पडतात, जाळी दिसते.

पावसाळ्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्यातही गाळ उतरतो. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाही तर निगेटिव्हवर वाळलेली माती चिकटते. पाणीकपात असेल तर वाहत्या पाण्याचा हट्ट सोडा. टाकी भरून पाच वेळा उलटीपालटी करून ओता, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. फिल्मला तेवढं पुरतं.

रसायनं धोक्याची असतात का?

स्वयंपाकघरात ठेवायची नाहीत आणि सरबताच्या बाटलीत तर अजिबात भरायची नाहीत. मेटॉलची काहींना ॲलर्जी होते. रोज उघड्या हातांनी काम करणाऱ्या प्रिंटरांच्या बोटांना भेगा पडायच्या, नखं तपकिरी व्हायची. चिमटे आणि हातमोजे वापरा. खिडकीला काळा कागद लावलात तरी हवा खेळती ठेवा.

वापरलेला हायपो कुठे ओतायचा?

कुठेच नाही. नाल्यातून तो शेवटी गोदावरीतच जातो. त्यात फिल्मवरून सुटलेली चांदी असते, आणि विरघळलेली चांदी पाण्यातल्या बारीक जिवांना मारते. पूर्वी वापरलेला हायपो आणि जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेणारे असायचे, चांदी काढायला. सराफ बाजाराच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. आजही एक्स-रे फिल्मची भंगार घेणारे सापडतात, त्यांना विचारा. घरी कॅनमध्ये साठवा, त्यात लोखंडी तारेची घासणी टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी तळाला काळ्या गाळासारखी बसते. स्टेनलेस स्टीलच्या घासणीने हे होत नाही. त्या गाळाचं ताट होईल अशी आशा मात्र ठेवू नका.

माळ्यावर निगेटिव्हचा डबा सापडला. आता?

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा आधारच सडायला लागला आहे. ती फिल्म बाकीच्यांपासून दूर करा आणि लवकर स्कॅन करा, कारण ही सड पसरते. साधारण १९५० च्या आधीची, चिकट किंवा पिवळी-तपकिरी पडलेली फिल्म असेल आणि कडेवर ‘सेफ्टी’ अशी इंग्रजी अक्षरं नसतील तर ती नायट्रेट असू शकते. ती पेट घेते आणि पाण्यानेही विझत नाही. डबा उन्हात ठेवू नका, देवघराजवळ तर नकोच.

बुरशी दिसली तर पाण्याने धुवायचा मोह होतो. धुवू नका. बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असतं, ते पाण्यात सुटून चित्रासकट वाहून जातं. कोरड्या मऊ ब्रशने जेवढं निघेल तेवढं.

काचेच्या निगेटिव्ह मिळाल्या तर कडांना धरा आणि एकावर एक रचू नका. प्रत्येक काच कागदात गुंडाळून लांब बाजूवर उभी ठेवा. थर असलेली बाजू कोणती ते कळत नसेल तर उजेडात तिरकी धरा. जी चकाकत नाही ती.

बघण्यासाठी लगेच एन्लार्जर लागत नाही. टॅबवर कोरं पांढरं पान उघडा, त्यावर निगेटिव्ह थोडी वर धरा. फोनच्या सेटिंगमध्ये रंग उलटे करायची सोय असते, ती चालू करून कॅमेऱ्यातून बघा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि नावं विचारून तिथल्या तिथे लिहा. निगेटिव्ह अजून पन्नास वर्षं थांबेल, मावशी थांबणार नाहीत.

नंतर आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत, सिलिका जेलसोबत, लोखंडी कपाटात ठेवा. भिंतीला लागून नको, ओल येते.

स्टुडिओ बंद झाला आणि मालकांच्या मुलाकडे पोतीभर निगेटिव्ह आहेत. त्या कुणाच्या?

वस्तू म्हणून त्या स्टुडिओच्या. पण १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार फोटो काढायला सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. फोटोवरचा हक्क पूर्वी तो प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं चालायचा; २०१२ च्या दुरुस्तीपासून तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे मुलगा पोतं ठेवू शकतो, तुमच्या आत्याचा फोटो कॅलेंडरवर छापू शकत नाही. पोतं भंगारात जाण्याआधी तुम्हाला कळलं तर भांडत बसू नका. रजिस्टर आहे का ते विचारा. निगेटिव्हच्या नंबरापुढे गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेली ती वही पोत्यापेक्षा मोलाची. ती गेली की उरतात नुसते अनोळखी चेहरे. देवळाली कॅम्पातल्या स्टुडिओत तर देशभरच्या जवानांनी घरी पाठवायला फोटो काढून घेतले आहेत. त्यांचे नातेवाईक कुठे कुठे असतील.

जुन्या कॅमेऱ्यात अर्धा रोल तसाच आहे.

मागचं झाकण उघडू नका. रोल पूर्ण गुंडाळून घ्या आणि काळापांढरा असेल तर धुवून घ्या. काही ना काही येतं. कोरा जुना रोल वापरायचा असेल तर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या. त्यावर मुंज वगैरे काढायला जाऊ नका.

शाळेतल्या मुलांना दाखवता येईल असं काही?

फोटोग्राम. कॅमेरा लागत नाही, निगेटिव्ह लागत नाही. लाल दिव्यात ब्रोमाइडवर द्राक्षवेलीचं पान ठेवा, क्षणभर दिवा लावा, कागद धुवा. शिरान् शिरा उतरते. अंधारी खोली नसेल तर सायनोटाइप करा. हर्शेलचंच १८४२ मधलं काम, लोखंडाच्या क्षारांवर चालतं, साध्या पाण्यात धुतलं जातं आणि निळं चित्र येतं. नाशिकच्या उन्हात पाच-दहा मिनिटं बास. सातवी-आठवीच्या मुलांना हे जमतं, शिक्षकांना आधी एकदा करून बघायला सांगा.

२०२७ च्या सिंहस्थात फिल्मवर फोटो काढायचे आहेत. काही सल्ला?

पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे आकाश भरलेलं आणि कधीही सर येणार. ४०० आयएसओचा रोल घ्या. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बंद असेल तर ढगाळ हवेत लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर १/५०० सेकंद, अशी सुरुवात करा, पहाटेच्या स्नानाला त्यावर विसंबू नका. बॅटरीवर न चालणारा कॅमेरा बरा, पेंटॅक्स के-१००० किंवा झेनिटसारखा, कारण गर्दीत सेल बदलत बसणं होत नाही. रोल बदलताना अंगाची सावली पाडून बदला. रोल संपला की फिल्मची जीभ पूर्ण आत गुंडाळा. ती बाहेर ठेवलीत तर घाईत तोच रोल पुन्हा भरला जातो आणि एका साधूच्या जटेत दुसरा साधू उगवतो. ओला रोल डब्यात कोंडू नका. आणि धुवायला महिनाभर ठेवू नका, दमट हवेत न धुतलेली फिल्म लवकर फिकी पडते. पोलिसांनी अडवलं तर कॅमेऱ्यात स्क्रीन का नाही हे समजावून सांगायला पाच मिनिटं जास्तीची धरून निघा.